पार्थेनॉनचे दगड लंडनला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनच्या हाती शेवटी काय उरलं?

सप्टेंबर १८०२. ग्रीसच्या दक्षिणेला किथिरा नावाचं बेट आहे. त्या बेटाच्या किनाऱ्याजवळ मेंटॉर नावाचं एक जहाज वादळात सापडलं, खडकावर आपटलं आणि बुडालं. जहाजावरची माणसं वाचली, पण जहाजाच्या पोटात सतरा पेट्या होत्या. त्यातला संगमरवर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला होता.

पेट्यांच्या मालकानं बेटावरच्या ब्रिटिश प्रतिनिधीला घाईघाईनं कळवलं की, त्यात नुसते दगड आहेत, त्यांना तशी काही किंमत नाही, पण आपल्याला ते कसंही करून हवे आहेत. मग समुद्राच्या तळातून स्पंज काढणारे पाणबुडे बोलावले गेले. दोन वर्षं खपून त्यांनी एकेक पेटी वर आणली. समुद्राच्या तळातून काढलेल्या त्याच दगडांवरून आज दोन देशांचे पंतप्रधान एकमेकांची भेट रद्द करतात.

त्या मालकाचं नाव होतं थॉमस ब्रूस, सातवा अर्ल ऑफ एल्गिन. जगातल्या वस्तूंच्या घरवापसीचा विषय निघाला की पहिलं नाव याच माणसाचं येतं. ब्रिटिशांसाठी तो कलेला वाचवणारा होता आणि ग्रीकांसाठी लुटारू. त्याचं स्वतःचं आयुष्य मात्र या दोन्ही शिक्क्यांपेक्षा जास्त गुंतागुंतीचं आहे.

पाचव्या वर्षी जहागीरदार

एल्गिनचा जन्म २० जुलै १७६६ चा, स्कॉटलंडमधला. तो पाच वर्षांचा असताना थोरला भाऊ वारला आणि घराण्याचा किताब त्याच्याकडे आला. नाव मोठं होतं, पण घराण्याकडे पैसा बेताचाच होता. शिक्षण झाल्यावर तो सैन्यात गेला, मग परराष्ट्र खात्यात आला. व्हिएन्ना, ब्रसेल्स, बर्लिन अशा ठिकाणी त्यानं ब्रिटनचा वकील म्हणून काम केलं. बोलण्यात हुशार, महत्त्वाकांक्षी आणि खर्चाला सढळ असा हा गडी होता.

१७९९ साली तीन गोष्टी एकदम जुळून आल्या. त्याचं लग्न झालं. बायको मेरी निस्बेट ही एका गडगंज श्रीमंत घरातली एकुलती एक मुलगी. दुसरं, ऑटोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, ब्रिटनचा राजदूत म्हणून त्याची नेमणूक झाली. आणि तिसरं, स्कॉटलंडमध्ये ब्रूमहॉल नावाचा त्याचा नवा वाडा बांधून होत होता.

या वाड्याच्या वास्तुविशारदानं, थॉमस हॅरिसननं, त्याला एक कल्पना सुचवली. तिकडे जाताच आहात तर ग्रीक इमारतींची चित्रं काढून आणा, शिल्पांचे प्लास्टरचे साचे घ्या, इंग्लंडमधल्या कलाकारांना त्याचा उपयोग होईल. मूळ बेत एवढाच होता. मूळ दगड उचलून आणायची गोष्ट त्यात नव्हती.

एल्गिननं सरकारकडे या कामासाठी पैसे मागितले. सरकारनं नकार दिला. मग त्यानं एका तरुण चित्रकाराला विचारलं. त्या चित्रकारानं वर्षाला ४०० पौंड मागितले आणि बोलणं तिथंच फिस्कटलं. तो चित्रकार होता जे. एम. डब्ल्यू. टर्नर, जो पुढे इंग्लंडचा सर्वात मोठा चित्रकार मानला गेला. टर्नरऐवजी एल्गिननं लुसिएरी नावाच्या इटालियन चित्रकाराला वर्षाला २०० पौंडांवर ठेवलं. पुढची अनेक वर्षं अथेन्समधलं सगळं काम याच लुसिएरीनं बघितलं.

अथेन्स तेव्हा कसं होतं?

तेव्हा ग्रीस नावाचा स्वतंत्र देशच नव्हता. अथेन्सवर जवळपास साडेतीनशे वर्षं तुर्कांची सत्ता होती. शहरातल्या टेकडीवर, म्हणजे ॲक्रोपोलिसवर, तुर्की शिबंदी होती आणि टेकडीचा ताबा किल्लेदाराकडे होता.

त्याच टेकडीवर पार्थेनॉन उभं आहे. इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात बांधलेलं अथेना देवीचं हे मंदिर. नंतर त्याचं चर्च झालं, चर्चची मशीद झाली. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्यानं शहराला वेढा घातला, तेव्हा तुर्कांनी मंदिरात दारूगोळा साठवला होता. व्हेनिसचा एक तोफगोळा नेमका त्याच्यावर पडला आणि छत, भिंती, खांब उडाले. एल्गिनच्या माणसांना मिळालं ते हे अर्धवट पडलेलं मंदिर.

पडलेल्या दगडांतून लोक घरं बांधत होते, संगमरवर भाजून चुना करत होते. युरोपातून येणारे प्रवासी आठवण म्हणून तुकडे तोडून नेत होते. फ्रेंचांचा माणूस फोव्हेल तिथं आधीपासून ठाण मांडून होता आणि जमेल ते गोळा करून पॅरिसला पाठवत होता. त्यामुळे आपण नेलं नसतं तर ते नष्ट झालं असतं किंवा फ्रेंचांनी नेलं असतं, हा एल्गिनचा बचाव अगदीच हवेतला नव्हता.

तो गाजलेला परवाना

सुरुवातीला एल्गिनच्या चित्रकारांना टेकडीवर जायलाही किल्लेदाराला पैसे चारावे लागत. परात बांधायला आणि साचे घ्यायला तर साफ मनाई होती. मग राजकारण मदतीला आलं.

नेपोलियनच्या फौजेनं १७९८ मध्ये तुर्कांचा इजिप्त घेतला होता. तो सोडवायला ब्रिटिश फौज उतरली आणि १८०१ मध्ये फ्रेंचांना हार पत्करावी लागली. या मोहिमेसाठी जनरल बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातूनही सैन्य गेलं होतं आणि त्यात मुंबईचे शिपाई होते. सुलतान ब्रिटनवर खूश होता आणि ब्रिटनचा राजदूत होता एल्गिन. जुलै १८०१ मध्ये त्याला हवा तो परवाना मिळाला.

सगळा वाद या कागदावर येऊन थांबतो. मूळ तुर्की परवाना आज उपलब्ध नाही, फक्त त्याचं इटालियन भाषांतर उरलं आहे. चित्रं काढा, साचे घ्या, जमीन खणा, अशी परवानगी त्यात आहे. शेवटी एक वाक्य आहे की, लेख किंवा आकृत्या असलेले काही दगडाचे तुकडे नेले तर हरकत घेऊ नये.

आता काही तुकडे म्हणजे किती? आणि जमिनीवर पडलेले तुकडे, की इमारतीला लागलेलेही? एल्गिनचा पाद्री फिलिप हंट हा कागद घेऊन अथेन्सला गेला आणि त्यानं तो जितका ताणता येईल तितका ताणला. किल्लेदार आणि सुभेदार यांना नजराणे दिले गेले. ३१ जुलै १८०१ रोजी मंदिराच्या भिंतीवरचं पहिलं शिल्प खाली उतरवलं गेलं.

त्यानंतर काम थांबलं नाही. शिल्पं काढण्यासाठी त्यांच्या वरचे कोरीव कंगोरे पाडले गेले. दगडी पट्ट्या जड होत्या म्हणून करवतीनं त्यांची मागची बाजू कापून टाकली. एक शिल्प उतरवताना आजूबाजूचा भाग कोसळला, तेव्हा खुद्द तुर्की किल्लेदाराच्या डोळ्यांत पाणी आलं असं क्लार्क नावाच्या इंग्रज प्रवाशानं लिहून ठेवलं आहे. गंमत म्हणजे याच क्लार्कनं एल्युसिस गावातला एक भलामोठा पुतळा गावकऱ्यांचा विरोध असताना उचलून केंब्रिजला नेला.

पार्थेनॉनच्या भिंतीवर मिरवणुकीची जी लांबलचक शिल्पपट्टी होती, तिची एकूण लांबी सुमारे १६० मीटर. त्यातली सुमारे ७५ मीटर एल्गिनकडे गेली. शिवाय खांबांवरच्या १५ चौकोनी शिल्पपाट्या आणि छताखालच्या त्रिकोणातले १७ पुतळे. शेजारच्या इरेक्थियन मंदिराचं छत सहा दगडी तरुणींनी डोक्यावर तोलून धरलेलं आहे. त्यातली एक तरुणी काढून नेली आणि तिच्या जागी विटांचा खांब उभा राहिला.

या सगळ्यात मेरीचाही हात होता. ब्रिटिश युद्धनौकांच्या कप्तानांची मनधरणी करून पेट्या जहाजावर चढवण्याचं काम तिनं केलं. तिच्या माहेरचा पैसाही या उद्योगात ओतला जात होता.

याच काळातली एक गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. देवीची लस तेव्हा नुकतीच निघाली होती. एल्गिननं ती व्हिएन्नाहून मागवून आपल्या तान्ह्या मुलाला टोचून घेतली आणि पूर्वेकडे पाठवायला मदत केली. बगदाद, बसरा असा प्रवास करत ती लस १८०२ मध्ये मुंबईत पोचली. हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती या साखळीमुळे.

नाक गेलं, स्वातंत्र्य गेलं, घर मोडलं

कॉन्स्टँटिनोपलमध्ये एल्गिनला एका आजारानं गाठलं आणि त्याच्या नाकाचा बराचसा भाग झडला. चारचौघांत मिरवणाऱ्या राजदूताचा चेहराच विद्रूप झाला. हा गुप्तरोग आहे अशी कुजबुज विरोधकांनी आयुष्यभर चालू ठेवली.

१८०३ मध्ये राजदूतपद संपवून तो कुटुंबासह फ्रान्समार्गे घरी निघाला. तेवढ्यात ब्रिटन आणि फ्रान्समध्ये पुन्हा युद्ध पेटलं. नेपोलियननं फ्रान्समध्ये असलेल्या ब्रिटिश पुरुषांना अडकवून ठेवायचा हुकूम काढला. एल्गिनही अडकला. काही काळ त्याला लूर्दच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. १८०६ मध्ये तो सुटला, पण बोलावणं आलं तर परत येईन असं वचन देऊन. असं वचन मानेवर असलेल्या माणसाला सरकार वकिलातीचं काम देईना, त्यामुळे नोकरीचा रस्ता बंद झाला. पुढच्याच वर्षी वरिष्ठ सभागृहातली जागाही गेली.

घरी त्याहून वाईट वाढून ठेवलं होतं. कैदेच्या काळात त्यांचं एक तान्हं मूल दगावलं होतं. मेरी आधी मायदेशी परतली होती आणि तिचं रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या शेजारच्या जमीनदाराशी प्रेम जमलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. नोकरचाकरांच्या साक्षी झाल्या, वर्तमानपत्रांना महिनोन्‌महिने खाद्य मिळालं. १८०८ मध्ये घटस्फोट झाला. तेव्हाच्या कायद्यानं मुलं बापाकडे राहिली, पण ज्या पैशाच्या भरवशावर एल्गिननं एवढा खर्च केला होता तो सासरचा पैसा हातचा गेला.

लंडनमध्ये कौतुक आणि शिव्या

पेट्या तोपर्यंत लंडनला पोचत होत्या. सुरुवातीच्या पत्रांमध्ये ब्रूमहॉलचा वाडा सजवायचा विचार स्पष्ट दिसतो. पण आता वाडा सजवायला पैसेच नव्हते. १८०७ मध्ये त्यानं लंडनमधल्या भाड्याच्या घरामागे एका शेडमध्ये शिल्पं मांडली.

चित्रकार आणि शिल्पकार ती बघून वेडे झाले. बेंजामिन हेडन तासन्‌तास दिव्याच्या उजेडात बसून चित्रं काढायचा. एल्गिननं इटलीचा नामवंत शिल्पकार कानोव्हा याला तुटलेले भाग दुरुस्त करून द्यायला सांगितलं होतं. कानोव्हानं साफ नकार दिला. यांना हात लावणं म्हणजे पाप, अशी त्याची भूमिका होती. शिल्पं आजही तुटलेल्या अवस्थेत दिसतात ती कानोव्हाच्या या नकारामुळे.

दुसरीकडे पेन नाइट नावाच्या बड्या कलापंडितानं शिल्पं न बघताच जाहीर केलं की ही ग्रीक नाहीतच, रोमन काळातली आहेत. एल्गिनला विकायची होती आणि बाजारभाव पडत होता.

सर्वात जिव्हारी लागणारा घाव कवी बायरननं घातला. बायरन १८०९ मध्ये अथेन्सला गेला, तिथलं उघडंबोडकं मंदिर बघितलं आणि संतापला. द कर्स ऑफ मिनर्व्हा या कवितेत त्यानं एल्गिनला देवीचा शाप दिला, नाकावरूनही टोमणा मारला. १८१२ मध्ये छापलेल्या चाइल्ड हॅरोल्ड्स पिल्ग्रिमेज या काव्यातही त्यानं एल्गिनला सोलून काढलं. हे काव्य तुफान खपलं. एल्गिनचं नाव इंग्लंडमध्येच बदनाम झालं. मजा अशी की बायरन अथेन्सहून ज्या जहाजानं परत निघाला, त्याच हायड्रा जहाजात एल्गिनच्या शेवटच्या पेट्याही होत्या.

म्हणजे लुटीचा आरोप आजच्या काळात सुरू झाला, हे खरं नाही. एल्गिन जिवंत असताना, त्याच्याच देशात, त्याच्याच वर्गातल्या लोकांनी तो केला होता.

३५ हजार पौंड

एल्गिनचा हिशेब असा होता की व्याज धरून आपला खर्च ७४ हजार पौंडांच्या घरात गेला आहे. १८११ मध्ये सरकारनं ३० हजार देऊ केले, ते त्यानं नाकारले. १८१६ पर्यंत सावकारांनी त्याला एवढं घेरलं की नाही म्हणायची सोय उरली नाही.

पार्लमेंटनं समिती नेमली. परवाना कुठे आहे, तो नीट वापरला का, राजदूतपदाचा फायदा स्वतःसाठी घेतला का, असे प्रश्न विचारले गेले. मूळ परवाना एल्गिनला दाखवता आला नाही. हंटनं आपल्याकडचं भाषांतर पुढे केलं. शेवटी समितीनं परवाना होता असं मानलं आणि ३५ हजार पौंड किंमत ठरवली.

ते साल वाईट होतं. नेपोलियनशी चाललेली लढाई नुकतीच संपली होती, बेकारी होती, भाकरी महाग होती. पोरं उपाशी असताना सरकार दगड विकत घेतंय, असं व्यंगचित्र क्रुकशँकनं काढलं. सभागृहात ह्यू हॅमर्स्ली नावाच्या खासदारानं तर वेगळाच प्रस्ताव मांडला. ही शिल्पं ब्रिटननं फक्त अमानत म्हणून ठेवावीत आणि अथेन्सचा आजचा किंवा उद्याचा धनी मागेल तेव्हा परत करावीत, असं त्याचं म्हणणं होतं. ग्रीस स्वतंत्र व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. प्रस्ताव फेटाळला गेला. ८२ विरुद्ध ३० मतांनी खरेदी मंजूर झाली आणि शिल्पं ब्रिटिश म्युझियमची झाली.

मिळालेल्या पैशाचा मोठा वाटा सावकारांकडे गेला. एल्गिननं दुसरं लग्न केलं होतं, मुलंबाळं वाढत होती, खर्चाला अंत नव्हता. अखेर देणेकऱ्यांचा ससेमिरा चुकवायला तो फ्रान्समध्ये जाऊन राहिला, ज्या देशानं त्याला कैदेत ठेवलं होतं तिथंच. १४ नोव्हेंबर १८४१ रोजी पॅरिसमध्ये तो वारला. कर्ज मात्र मागे राहिलं.

त्याच्या डोळ्यांदेखत ग्रीकांनी बंड केलं, देश स्वतंत्र झाला आणि १८३३ मध्ये तुर्की शिबंदी ॲक्रोपोलिस सोडून गेली. मंदिराला आता धनी मिळाला होता.

मुलगा आणि नातू हिंदुस्थानात

एल्गिनचं घराणं पुढे हिंदुस्थानशी जोडलं गेलं. त्याचा मुलगा, आठवा अर्ल, यानं १८६० मध्ये चीनच्या सम्राटाचा बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा जाळायचा हुकूम दिला. सैनिकांनी लुटलेल्या तिथल्या वस्तू आज जगभरच्या म्युझियममध्ये आहेत आणि चीन त्या परत मागतो आहे. हाच मुलगा १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, पुढच्याच वर्षी धरमशाला इथं वारला. त्याची कबर तिथल्या चर्चच्या आवारात आहे.

नातूही व्हाइसरॉय झाला, १८९४ ते १८९९. पुण्यात प्लेग आला, साथरोग कायदा झाला आणि चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या, तेव्हा कलकत्त्यात आणि सिमल्यात बसून कारभार हाकणारा व्हाइसरॉय हाच.

मग आज घोडं कुठे अडलंय?

१९८३ मध्ये ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्री आणि गाजलेल्या अभिनेत्री मेलिना मर्कुरी यांनी शिल्पांची अधिकृत मागणी केली. ब्रिटनचं उत्तर ठरलेलं आहे. एक, एल्गिननं तेव्हाच्या कायदेशीर सरकारची परवानगी घेतली होती. दोन, १९६३ च्या कायद्यानुसार म्युझियमच्या विश्वस्तांना काही अपवाद सोडले तर वस्तू देऊन टाकता येत नाहीत. तीन, लंडनमध्ये ती जगाच्या इतर संस्कृतींच्या शेजारी बघायला मिळतात.

ग्रीसचं म्हणणं असं की, तुर्क हे राज्यकर्ते होते, मंदिराचे वारस नव्हते. आणि ही सुटी शिल्पं नाहीत, एकाच इमारतीचे अवयव आहेत. अथेन्समध्ये ठेवायला चांगली जागा नाही, असं पूर्वी म्हटलं जायचं. २००९ मध्ये ग्रीसनं टेकडीच्या पायथ्याशी नवं म्युझियम उघडून त्यावर उत्तर दिलं. लंडनमध्ये शिल्पं सुरक्षित राहिली, या दाव्यालाही एक डाग आहे. १९३०च्या दशकात तिथं ती तांब्याच्या हत्यारांनी घासून पांढरी करायचा प्रकार झाला होता.

२०२३ मध्ये व्हॅटिकननं आपल्याकडचे तीन तुकडे ग्रीसला देऊन टाकले. त्याच वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी याच विषयावरून ग्रीक पंतप्रधानांची भेट ऐनवेळी रद्द केली. २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या प्रतिनिधीनं युनेस्कोच्या बैठकीत सांगितलं की, ही खरेदी कायदेशीर ठरवणारा कुठलाही कागद आम्हाला माहीत नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या परवान्यावर सगळा दावा उभा आहे, त्यांनीच हात वर केले.

मधला मार्ग म्हणून उसनवारीची चर्चा होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या करारावर, कायमची नाही. ग्रीसची अडचण इथंच आहे. उसनं घ्यायचं तर मालक दुसरा आहे हे आधी मान्य करावं लागतं.

अथेन्सच्या नव्या म्युझियममध्ये मिरवणुकीची शिल्पपट्टी मूळ क्रमानं लावली आहे. जिथं मूळ दगड आहे तिथं काळाच्या ओघात आलेला पिवळसर रंग दिसतो आणि जिथं तो लंडनमध्ये आहे तिथं पांढरंफटक प्लास्टर. खालच्या मजल्यावर इरेक्थियनच्या पाच दगडी तरुणी उभ्या आहेत. सहावीची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे.